नवीन गाडीवर पांढरे डाग आणि जाळं परत परत येतंय? पॉलिशला टाकायच्या आधी हे तपासा

काळी, गडद निळी, मरून किंवा लाल गाडी घेतलेल्या लोकांची एक तक्रार सारखी कानावर येते. घेतली तेव्हा बघत राहावं असा रंग होता, आणि तीन-चार महिन्यांत बॉनेटवर नि छतावर पांढरट गोल डाग दिसायला लागले, शिवाय उन्हात उभी केली की बारीक ओरखड्यांचं जाळं. मग गाडी डिटेलिंगवाल्याकडे जाते, तो मशीन मारतो, काही हजार घेतो, गाडी परत चकाचक होते आणि दीड-दोन महिन्यांत परत जैसे थे. मग परत पॉलिश. वर्षभर असंच चालतं आणि प्रत्येक वेळी माणसाला वाटतं की ह्या वेळचं पॉलिश चांगलं नव्हतं किंवा कंपनीचा रंगच हलका आहे.

रंग हलका नसतो हो बहुतेक वेळा. डाग ज्या कारणाने पडतायत ते कारण तिथेच आहे आणि आपण फक्त वरून घासतोय, म्हणून ते परत येतात. आणि हे घासणं फुकट नाही, पैशाचं सोडा, रंगाचं बोलतोय मी.

कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटचा थर, मग ईडी कोट (विजेच्या मदतीने बसवलेला गंजरोधक थर), मग प्रायमर, मग आपल्याला दिसतो तो रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० च्या आसपास. माणसाचा केस ७० च्या आसपास असतो, म्हणजे गाडीची सगळी चमक आणि उन्हापासूनचं सगळं संरक्षण केसाहून पातळ थरात आहे. पॉलिश करणं म्हणजे ओरखडा भरणं नाही, ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणणं. कटिंग कंपाउंड (जाड दाण्याचं पॉलिश) आणि जाड पॅड जोरात मारलं तर एका वेळी दोन-तीन मायक्रॉन सहज जातात. एकदा-दोनदा केलं तर काही बिघडत नाही, पण दर दोन महिन्यांनी करायची ही गोष्ट नाही. चार-पाच वर्षांनी छतावरचा क्लिअर कोट पांढरा पडून सोलपटं निघालेल्या गाड्या रस्त्यावर दिसतात ना, त्यातल्या काहींचा इतिहास हाच असतो. आणि गेलेला क्लिअर कोट कुठलंही कोटिंग परत आणत नाही, तिथे रीपेंटच लागतो.

तर पहिलं काम म्हणजे नक्की काय झालंय ते ओळखणं. लोक सगळ्याला "डाग पडलेत" म्हणतात पण प्रकार वेगवेगळे आहेत आणि उपायही.

गाडी आधी नीट धुऊन कोरडी करा, सावलीत. मग मोबाईलचा फ्लॅश लावून बॉनेटवर तिरका धरा. प्रकाशाच्या भोवती गोल गोल रेषा दिसल्या तर ते स्वर्ल मार्क, म्हणजे फडक्याचं काम. (खरं तर ओरखडे सगळ्या दिशांना असतात, प्रकाशाला आडवे असलेलेच चमकतात म्हणून गोल वाटतात.) एकाच लयीत वळणारे रुंद धूसर पट्टे दिसले आणि उन्हात त्यात इंद्रधनुष्यासारखी झाक आली तर ती पॉलिशवाल्याच्या रोटरी मशीनची खूण, त्याला हॉलोग्राम म्हणतात, म्हणजे फिनिशिंगचा हात नीट मारलेला नाही. नखाला अडकतो असा एकटा ओरखडा असेल तर तो खोल आहे, त्याच्यामागे पॉलिश करत बसू नका. आणि हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून हलकेच पत्र्यावर फिरवलीत आणि खरखर लागली तर रंगात काहीतरी रुतून बसलंय, धुण्याने न निघणारं.

पांढऱ्या गाडीवाल्यांचा एक वेगळाच घोर असतो, बारीक नारिंगी ठिपके. नवीन गाडीला गंज लागला म्हणून थेट डीलरकडे भांडायला जातात. बहुतेक वेळा तो पत्र्याचा गंज नसतो, लोखंडाचे बारीक कण हवेतून येऊन क्लिअर कोटवर बसलेले असतात आणि ते गंजलेले असतात. रेल्वे लाईनजवळ, एमआयडीसीत, फॅब्रिकेशनच्या दुकानाशेजारी गाडी उभी राहत असेल तर हे होणारच, ब्रेकची धूळही त्यातलीच. आयर्न रिमूव्हर नावाचं लिक्विड मिळतं, सावलीत थंड पत्र्यावर मारायचं, कणांशी भिडलं की जांभळं होतं, दोन-चार मिनिटांत सुकायच्या आत धुऊन टाकायचं. इतकंच. मशीन लागत नाही.

आता मुख्य मुद्दा, पांढरे डाग. हे पाण्यातल्या क्षारांचे असतात. आपल्याकडे बहुतेक महाराष्ट्र बसाल्ट खडकावर बसलाय, बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, आणि पुण्या-मुंबईच्या बाहेरच्या नव्या सोसायट्यांमध्ये पिण्याचं पाणी महापालिकेचं असलं तरी पार्किंगच्या नळाला बोअर नाहीतर टँकरचं पाणी असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरलाय आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलाय. म्हणजे प्यायला चालणारं पाणीसुद्धा गाडीला चालेलच असं नाही. हिशोब करा, धुतल्यावर गाडीवर अर्धा लिटर पाणी उरलं आणि टीडीएस ५०० असेल तर ते सुकल्यावर पाव ग्रॅम क्षार पत्र्यावर राहतात, आणि हे रोज. उन्हात तापलेल्या बॉनेटवर थेंब कडेने सुकत सुकत येतो आणि सगळा क्षार एका कड्यात जमा होतो, म्हणून डाग गोल दिसतो.

टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, एकदा पार्किंगच्या नळाचं पाणी मोजाच. माझा अंदाज असा की १५० च्या खाली असेल तर पाण्याला दोष देण्याआधी दुसरं कारण शोधा, ४००-५०० च्या वर असेल तर तुमचा चोर सापडला. सोसायटीत वॉटर सॉफ्टनर असेल तर आकडा जवळपास तेवढाच दिसेल कारण तिथे कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, पण ते डाग पुढच्या धुण्यात निघून जातात, दगडासारखे चिकटत नाहीत.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरच्या आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून त्याने गाडी धुवायची पद्धत खूप घरांत आहे. पाणी वाचवायचा हेतू अगदी चांगला, पण त्या नळीतून जे बाहेर येतं त्यात आरओने बाजूला काढलेले सगळे क्षार असतात, म्हणजे मूळ पाण्यापेक्षाही जड पाणी. ते फरशी पुसायला, टॉयलेटला वापरा, गाडीच्या रंगावर नको. "आम्ही तर फिल्टरचं पाणी वापरतो तरी डाग येतात" असं कोणी म्हणालं की मी आधी हेच विचारतो, कुठल्या नळीचं?

डाग कुठे पडलेत हेही बघा, त्यावरून अर्धं निदान होतं. छत, बॉनेट, डिकी सगळीकडे सारखे असतील तर धुण्याचं पाणी. आरशाखाली आणि दाराच्या हँडलखाली ओघळासारखे असतील तर धुतल्यावर फटीत अडकलेलं पाणी नंतर गळतंय, पुसल्यावर पाच मिनिटांनी परत एकदा तेवढ्याच जागा टिपायच्या. आठवड्यातून ठरावीक दिवशी एका बाजूला येत असतील तर बागेचे स्प्रिंकलर. आणि एकाच जागी ओळीत मोठे, जाड, खडूसारखे थेंब असतील तर मान वर करून स्लॅब बघा.

हे शेवटचं जरा सविस्तर सांगतो कारण बेसमेंट पार्किंगवाल्यांना हे कोणी सांगतच नाही. माझ्या एका मित्राची गडद निळी सेडान, डाग फक्त ड्रायव्हरच्या बाजूला, छताच्या कडेपासून बॉनेटच्या मध्यापर्यंत एका तिरक्या रेषेत. त्याने शाम्पू बदलला, धुणारा बदलला, दोनदा पॉलिश केलं. शेवटी आम्ही बॅटरी घेऊन खाली गेलो तर गाडी उभी राहते त्याच्या बरोबर वर स्लॅबचा जॉइंट, त्याला पांढरे टोकदार सुळके लोंबतायत, काही बोटभर लांब, आणि एका सुळक्याच्या टोकाला थेंब. वरती पोडियमची, म्हणजे पार्किंगच्या छतावरची बाग, रोज पाणी घालतात, ते पाणी काँक्रीटमधून झिरपताना त्यातला चुना सोबत घेऊन येतं. हे पाणी नुसतं जड नसतं, चांगलंच अल्कलाइन असतं, ओलं असताना क्लिअर कोटला चावतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की कॅल्शियम कार्बोनेट होऊन घट्ट बसतं. सोसायटीने वॉटरप्रूफिंग करेपर्यंत त्याने जागा बदलून घेतली, त्या जॉइंटखाली पत्र्याचा एक पन्हाळ लावून घेतला, आणि डाग थांबले. शेजारी बांधकाम चालू असेल तर हाच प्रकार सिमेंटच्या धुळीचा, रात्री दव पडलं की ती धूळ गाडीवर धरते. सकाळी ती कोरड्या फडक्याने कधीच झटकू नका, आधी भरपूर पाणी.

डाग काढायचे कसे? ताजे असतील तर किराणा दुकानात मिळतं ते साधं पांढरं व्हिनेगर घ्या, त्यात तेवढंच डिस्टिल्ड पाणी घाला. गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड, आधी धुतलेली. मायक्रोफायबर त्यात भिजवून डागावर ठेवा, घासू नका, अर्धा-एक मिनिट ठेवून हलकेच उचला, भरपूर पाण्याने धुवा, मग शाम्पू. क्षार असतील तर विरघळून जातात. गेले तर तिथेच विषय संपला, मशीनची गरज नाही. एका कोपऱ्यात आधी करून बघा, पीपीएफ (रंगावर चिकटवलेली पारदर्शक संरक्षक फिल्म) किंवा कोटिंग असेल तर लावणाऱ्याला विचारून करा. डाग गेला पण बारीक खड्डा किंवा पुसट कडं राहिलं, तर तो क्लिअर कोटमध्ये उतरलाय, त्याला एचिंग म्हणतात, तिथे मात्र पॉलिशच लागेल. काही डाग सिलिकाचे असतात, ते व्हिनेगरला दाद देत नाहीत, तेही पॉलिशनेच जातात.

बाथरूमच्या टाइल्सचं अॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर पाणी घालून वापरतात लोक. कृपा करून करू नका. डाग जातो हे खरं, पण ते हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं, क्रोम पट्ट्या, अलॉय व्हील, खिडकीच्या अॅल्युमिनियमच्या कडा सगळं काळवंडतं आणि फटीत राहिलेलं थेट पत्र्यापर्यंत पोचतं.

आता जाळ्याकडे येतो. स्वर्ल मार्कचं कारण जवळपास नेहमी एकच, धूळ आणि फडकं. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात, ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कडक. कोरड्या गाडीवर रोज सकाळी फडकं किंवा झुपकेदार डस्टर मारला की ते कण रंगावरून ओढले जातात. डस्टर कितीही मऊ असो, ओरखडा डस्टर पाडत नाही, त्यात अडकलेली धूळ पाडते. म्हणून रोज पुसलेली गाडी आठवड्याला एकदा नीट धुतलेल्या गाडीपेक्षा वाईट दिसते. लोकांना हे पटवणं फार अवघड जातं, कारण धुळीची गाडी घेऊन ऑफिसला जाणं बरं दिसत नाही. पण धूळ बसून रंगाचं काही बिघडत नाही, ती कोरडी पुसण्याने बिघडतं.

सोसायटीत गाड्या पुसणारे दादा असतात, त्यांच्यावर राग काढू नका. पहाटे पाचला येतात, वीस-तीस गाड्या, एक बादली, एक फडकं, आणि तुमच्या आधीच्या गाडीचा चिखल त्याच पाण्यात. एवढ्या पैशात आणि वेळेत यापेक्षा वेगळं होणं शक्य नाही. मी लोकांना सांगतो, पैसे कमी करू नका, काम बदला. "दादा, बाहेरून पत्र्याला हात लावू नका, रोज फक्त पुढच्या-मागच्या काचा आणि आरसे पुसा, आठवड्याला आतून व्हॅक्यूम आणि मॅट झटका, पगार तोच." काचांसाठी दोन वेगळी फडकी आपणच आणून द्या. बहुतेक जण आनंदाने ऐकतात. पहिले काही दिवस आठवण करावी लागते, हाताची सवय असते.

मग गाडी धुवायची कोणी आणि कशी? आठवड्याला, पंधरा दिवसाला एकदा, आपण स्वतः, किंवा नीट करणारा कोणी. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, पत्रा थंड असताना. पाणी भरपूर असेल तर आधी फक्त पाण्याने वरून खाली सगळी सुटी धूळ उतरवून टाका, हे पाच मिनिटं करा, इथेच अर्धं काम होतं. मग दोन बादल्या, एकात पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही असा) कार शाम्पू, एकात साधं पाणी. मिट (धुवायचा मऊ हातमोजा) शाम्पूत बुडवा, एक पॅनल सरळ रेषेत हलक्या हाताने, मग मिट साध्या पाण्यात खळबळा, मग परत शाम्पू. छतापासून सुरू, दाराचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, कारण चिखल तिथेच असतो. चाकांची बादली आणि फडकं पूर्ण वेगळं. भांड्यांचं लिक्विड किंवा कपड्यांची पावडर नको, वॅक्स-सीलंट (रंगावर लावायचा संरक्षक थर) काही लावलेलं असेल तर ते उतरतं.

पाणी कमी असेल किंवा जड असेल, आणि बहुतेकांचं दोन्ही असतं, तर मी रिन्सलेस वॉशचं नाव घेईन. हे लिक्विड असतं, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात बादलीभर पाण्यात थोडंसं टाकायचं, नंतर धुवायची गरज नाही. आठ-दहा मायक्रोफायबर त्यात बुडवून ठेवायची, पॅनलवर आधी त्याच पाण्याचा स्प्रे, दोन मिनिटं थांबायचं, मग एक फडकं, एक दिशा, एक पॅनल, पलटी करून स्वच्छ बाजू, मग ते फडकं बाजूला आणि नवीन. लगेच दुसऱ्या कोरड्या टॉवेलने टिपायचं. सगळी गाडी सात-आठ लिटरमध्ये होते, आणि इथे खरी मेख आहे, एवढं थोडं पाणी लागत असेल तर ते चांगलं आणणं परवडतं. आरओचं पिण्याच्या बाजूचं पाणी घ्या. किंवा स्प्लिट एसीच्या पाइपातून गळणारं पाणी साठवा, ते हवेतलं बाष्प थंड होऊन आलेलं, त्यात क्षार नावाला असतात, कोकण-मुंबईच्या दमट हवेत तर बादली पटकन भरते. फडक्यातून गाळून घ्या, एसीमधली धूळ येते त्यात. मराठवाड्यात टँकरच्या दिवसांत ज्यांना गाडीवर पाणी ओतायला बरं वाटत नाही त्यांच्यासाठी तर ही पद्धत सोयीचीच. फक्त चिखलाने माखलेली गाडी असेल तर आधी प्रेशर वॉशरने चिखल उतरवून घ्या, रिन्सलेस त्याच्यासाठी नाही.

सुकवणं लोक विसरतात, आणि डाग तिथेच पडतात. धुऊन उन्हात सोडायची किंवा "एक चक्कर मारून आलो की सुकते" हे बंद. मोठा जाड ड्राइंग टॉवेल, ८०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) वरचा, पत्र्यावर पसरायचा आणि दोन टोकांना धरून हलकेच ओढायचा, दाबायचं नाही. सगळी फडकी वेगळी धुवा, कम्फर्टसारखं फॅब्रिक कंडिशनर त्यात घालू नका, त्याने मायक्रोफायबरची पाणी शोषायची ताकद जाते. आणि खाली जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवशी परत गाडीला लावू नका, कितीही झटकलं तरी.

कव्हर. लोकांना वाटतं कव्हर घातलं की रंग सुरक्षित. बंद, बिनवाऱ्याच्या जागेत स्वच्छ गाडीवर घातलं तर ठीक. उघड्यावर वाऱ्याने कव्हर हलतं आणि आतल्या धुळीसकट रंगावर दिवसभर घासतं, पावसाळ्यात तर आत ओलच राहते.

हे सगळं जमलं की मग कोटिंगचा विचार करा, आधी नाही. डीलरकडे टेफ्लॉन म्हणून जे लावतात ते म्हणजे चांगल्या पॉलिशसारखा एक सीलंट, काही महिने चमक देतो, त्यात चूक काही नाही, पण त्यासाठी पाच-सहा हजार मागत असतील तर नको म्हणा. सिरॅमिक कोटिंगचा मला राग नाही, चांगलं लावलं तर धूळ-चिखल सहज सुटतो, ऊन आणि पक्ष्यांची विष्ठा यांच्यापासून थोडा जास्त वेळ मिळतो. पण थर एखाद-दोन मायक्रॉनचा असतो, आणि "९एच" हा आकडा पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीतला आहे, हिऱ्या-माणकाच्या मोह्ज मापातला नाही, त्यामुळे किल्लीचा ओरखडा, दगडाची टीच, वाळूचं फडकं यातलं काहीही त्याने थांबत नाही. उलट कोटिंगवर पाणी छोट्या छोट्या उभ्या थेंबांत थांबतं आणि जड पाणी असेल तर तेच थेंब सुकून कोटिंगवर डाग पडतात. म्हणून "सिरॅमिक केलं तरी डाग येतात" ही तक्रार इतकी जास्त. वॉरंटी कार्ड पैसे देण्याआधी पूर्ण वाचा, पाण्याचे डाग आणि विष्ठा त्यात धरलेत का ते शोधा, आणि वार्षिक मेंटेनन्स चुकला तर काय होतं तेही.

दगडाच्या टिचांसाठी खरा उपाय एकच, पीपीएफ. टीपीयू नावाच्या लवचीक प्लॅस्टिकची १५० ते २०० मायक्रॉन जाड पारदर्शक फिल्म, बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने आपोआप भरतात. पूर्ण गाडीला बराच खर्च येतो, लाखाच्या आसपास किंवा वरही. एक्सप्रेसवेवर रोज येणं-जाणं असेल तर पुढचा बंपर, बॉनेट, आरशांचे मागचे भाग, दारांच्या कडा आणि हँडलच्या वाट्या, एवढंच करून घेतलं तरी माझ्या मते पैशाचं चीज होतं.

ऋतूप्रमाणे येणारे त्रास वेगळे. जानेवारी ते मार्च आंब्याला मोहर आला की झाडाखालच्या गाडीवर चिकट चकचकीत थर बसतो, लोक त्याला झाडाचा चीक समजतात. बहुतेक वेळा तो मोहरावरच्या तुडतुड्यांचा गोड स्राव असतो, त्यावर धूळ बसते आणि मग काळी बुरशी. कोमट पाणी आणि शाम्पूने ताजा असताना लगेच निघतो, आठवडा गेला की घासावं लागतं आणि घासलं की जाळं. कबुतरांची विष्ठा उन्हात काही तासांत क्लिअर कोटवर खूण पाडते, गाडीत पाण्याची स्प्रे बाटली आणि एक मायक्रोफायबर कायम ठेवा, भिजवा, पाच मिनिटं मऊ होऊ द्या, वरच्या वर उचला. नखाने खरवडू नका, त्यात दाण्यांचे कण असतात.

आणि पूजा. नवीन गाडीची पूजा करायचीच, त्यात दुमत नाही. पण कोरडं कुंकू आणि अक्षता बॉनेटवर बोटाने घासून स्वस्तिक काढलं की बारीक ओरखडे पडतात, आणि लाल रंग काही वेळा क्लिअर कोटवर पुसट राहतो. स्वस्तिक पुढच्या काचेवर वरच्या कोपऱ्यात काढा, किंवा बॉनेटवर काढायचंच तर कुंकू पाण्यात नीट कालवून हलकेच काढा आणि त्याच दिवशी पाण्याने धुऊन घ्या. दसऱ्याला झेंडूचे हार आरशाला आणि ग्रिलला बांधा, बॉनेटवरून आडवे नको, हाराच्या दोऱ्याची गाठ आणि तार गाडी चालताना रंगावर घासत राहते, आणि ओल्या फुलांचा रंगही उतरतो. शोरूमवाल्यांनी डिलिव्हरीला चिकटपट्टीने लावलेली रिबन त्याच संध्याकाळी काढा.

डिलिव्हरी अजून व्हायची असेल त्यांच्यासाठी एक, डीलरला बुकिंगच्या वेळीच लेखी सांगा की गाडी धुवायची नाही, पॉलिश करायची नाही, फक्त पाणी मारून द्या. यार्डात धूळ खात उभ्या असलेल्या गाड्या डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी घाईघाईने एका स्पंजने धुतात आणि पहिलं जाळं तिथेच पडतं. गाडी बघायला दुपारी उजेडात जा.

ज्यांच्या गाडीवर एचिंग आणि जाळं आधीच आहे, त्यांनी आधी पाणी, फडकं आणि जागा सुधारा. महिना-दोन महिने नवीन डाग आले नाहीत की मग एकदाच चांगलं पॉलिश करून घ्या. पेंट थिकनेस गेज (रंगाच्या थराची जाडी मोजायचं यंत्र) आहे का हे विचारा, प्रत्येक पॅनलचं माप आधी आणि नंतर तुमच्यासमोर घ्यायला लावा. ज्याच्याकडे गेज नाही त्याच्याकडे कटिंग करू नका. ड्युअल अॅक्शन मशीन (पॅड गोल फिरताना डोलतंही, असं सौम्य मशीन) वापरतो का विचारा, आधी सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड एका छोट्या चौकोनात करून दाखवायला सांगा, तेवढ्यात भागलं तर तेवढंच. पाच-दहा टक्के ओरखडे राहिले तर राहू द्या, ते दिसत नाहीत कोणाला. त्यावर साधा सीलंट, चार-सहा महिन्यांनी परत लावायचा, हा आपला आपणही लावता येतो.

एखादा पॅनल अपघातात रीपेंट झाला असेल तर त्याला मात्र वेगळं वागवा. कारखान्यातला रंग १४० अंशाच्या आसपास भट्टीत भाजलेला असतो, म्हणून नव्या गाडीला पहिल्या दिवशीही वॅक्स किंवा सीलंट लावलं तरी चालतं. वर्कशॉपमधला रंग फार तर ६०-७० अंशावर सुकवतात आणि तो पुढे कित्येक दिवस आतून सुकत असतो. त्या पॅनलला पेंटरने सांगितलेले दिवस, साधारण महिना ते दोन महिने, वॅक्स, सीलंट, कोटिंग, पीपीएफ काहीही नको, चांगलं पाणी आणि शाम्पू एवढंच.